घराचे छप्पर आणि सौर वीज
छपरातच बसवावयाच्या पॅनेलांसंबंधी माहिती

पाऊस, ऊन व वारा यांपासून घरातील माणसांचे, धान्याचे व बियाण्याचे रक्षण करणे हे छपराचे पहिले काम होय. वीज निर्माण करणे हे त्याचे दुसरे काम अलीकडचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केल्यापासून हे दुसरे काम खेडोपाडी चर्चेचा विषय झाले आहे. पॅनेल विकणारे गावात येतात, रंगीत चित्रे दाखवितात, आणि त्या चित्रांत पुष्कळदा असे घर असते की ज्यावर कौले किंवा पत्रे मुळी दिसतच नाहीत. काळ्या काचेची पॅनेले हेच त्या घराचे छप्पर असते. असे छप्पर आपल्याकडे करता येईल काय, करावे काय, आणि केल्यास कोणती काळजी घ्यावी, असे प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना विचारले जातात. त्यांची उत्तरे देता यावीत या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

दोन प्रकारांतील फरक

सौर पॅनेले घरावर दोन रीतींनी बसविता येतात. पहिल्या रीतीत असलेले छप्पर तसेच राहते व त्यावर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट उभारून पॅनेले ठेवली जातात. दुसऱ्या रीतीत तेवढ्या भागातील कौले अगर पत्रे काढून त्यांच्या जागी पॅनेलेच बसविली जातात. म्हणजे पॅनेल हेच कौल किंवा पत्रा होते. या दुसऱ्या प्रकारास सोयीसाठी ‘अंगभूत पॅनेल’ म्हणू. त्यातही पुन्हा दोन पोटभेद आहेत. एक, नेहमीची मोठी पॅनेले खास पन्हळींवर बसवून केलेले छप्पर, आणि दुसरा, कौलाएवढ्या किंवा फळीएवढ्या लहान तुकड्यांची ‘सौर कौले’.

पहिल्या रीतीत पॅनेल बिघडले तर वीज कमी होते, एवढेच. अंगभूत प्रकारात मात्र पॅनेल बिघडले, सरकले किंवा फुटले तर वीज कमी होते आणि घरही गळते. या एका फरकातून पुढील बहुतेक सर्व गोष्टी निघतात.

फ्रान्समधील अनुभव

अंगभूत पॅनेलांचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग फ्रान्स देशात झाला. तेथील सरकारने २००६ साली घरगुती सौर विजेच्या खरेदीचा दर दर युनिटास ३० युरो-सेंट ठेवला. पॅनेले छपरात अंगभूत असतील तर त्यावर आणखी २५ सेंट देऊ केले. घरांचे रूप बिघडू नये आणि देशात नवा उद्योग उभा राहावा, असा त्यामागील हेतू होता. जादा पैसे मिळावयाचे तर पॅनेलाने कौलाची जागा घेतली पाहिजे व पाणी अडविण्याचे कामही त्यानेच केले पाहिजे, अशी अट होती.

परिणाम असा झाला की हजारो घरांवरील चांगली, न गळणारी कौले काढण्यात आली. वीजकाम जाणणारे लोक सुताराचे व कौलकाऱ्याचे काम करू लागले. सांधे नीट बसले नाहीत, पन्हळी अपुऱ्या पडल्या, आणि छपरे गळू लागली. काही ठिकाणी लाकडाला लागून असलेल्या तारांच्या ढिल्या जोडांमुळे आगीही लागल्या. विमा कंपन्यांकडे गळतीच्या तक्रारी वाढल्या. पुढे हे जादा पैसे टप्प्याटप्प्याने कमी करून २०१८ मध्ये बंद करण्यात आले, आणि तेथेही कौलांच्या वर चौकट बसविण्याची साधी रीत पुन्हा सर्वत्र रूढ झाली.

या अनुभवावरून अंगभूत पॅनेल वाईट ठरत नाही. ज्यांनी नवे घर बांधतानाच जाणत्या कारागिरांकडून ते करून घेतले त्यांची छपरे टिकली. चूक झाली ती धडधाकट छप्पर केवळ लाभासाठी उचकटण्यात. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की आपल्याकडील अनुदानात अंगभूत पॅनेलासाठी असे जादा पैसे नाहीत. सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. साधी चौकट असो वा महागडी सौर कौले असोत, ही रक्कम वाढत नाही. शिवाय अनुदानासाठी सेल व पॅनेल दोन्ही देशात बनलेली असली पाहिजेत. परदेशातून आणलेली सुबक सौर कौले या अटीत बसत नाहीत. विकणारा हे आपण होऊन सांगेलच असे नाही. सबब, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारावा.

किती वीज हवी ?

छपराचा विचार करण्यापूर्वी विजेचे बिल पाहावे. महाराष्ट्रात एक किलोवॅट शक्तीची पॅनेले वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतात. उन्हाळ्यात काहीशी जास्त व पावसाळ्यात बरीच कमी. म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट. ज्या घरात चार दिवे, दोन पंखे, दूरदर्शन संच व एखादे शीतकपाट आहे, त्या घराला एक किलोवॅट बहुधा पुरते. यासाठी आजच्या ५५० वॅटच्या पॅनेलांपैकी दोन पॅनेले लागतात. असे एक पॅनेल सुमारे सव्वादोन मीटर लांब व सव्वा मीटरहून थोडे कमी रुंद असते आणि त्याचे वजन २८ किलोच्या आसपास भरते. दोन पॅनेलांसाठी अख्खे पाखे उघडे करणे हा व्यवहार ठरत नाही. तीन किलोवॅट हवे असतील तर सहा पॅनेले लागतात. अंगभूत छपराचा विचार खऱ्या अर्थाने येथून पुढे सुरू होतो.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. वीजमंडळाच्या तारेस जोडलेली साधी सौर यंत्रणा गावची वीज गेली की आपोआप बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवास धोका होऊ नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी योजना असते. भर दुपारी लख्ख ऊन असले तरी घरात पंखा फिरत नाही. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह चालणारा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो, व त्याचा खर्च वेगळा पडतो. अनेक कुटुंबांची निराशा पॅनेलांमुळे होत नाही, ती ही गोष्ट आधी न सांगितल्यामुळे होते.

आपली छपरे

महाराष्ट्रातील घरांची छपरे एका जातीची नाहीत, आणि म्हणून सर्वांना एक सल्ला देता येत नाही.

मंगळुरी कौलांचे छप्पर घेऊ. एका चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले लागतात व त्यांचे वजन कोरडी असताना ४० किलोच्या घरात जाते. त्याच जागी बसणारे काचेचे पॅनेल चौरस मीटरला ११-१२ किलोच भरते. म्हणजे अंगभूत पॅनेलांमुळे वाशांवरील भार कमी होतो. हे ऐकून घरमालकाला बरे वाटते, परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. कौलारू छप्पर आपल्या वजनाने जागेवर बसते. पॅनेलाचे छप्पर बोल्टांनी बसते. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो होतो. असा वारा वळचणीखालून शिरला तर एका मोठ्या पॅनेलास उचलणारा जोर पावणेदोनशे किलोपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यास खाली धरणारे पॅनेलाचे स्वतःचे वजन मात्र २८ किलो. दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर श्रीवर्धनजवळ आले. तेव्हा कौलांची व पत्र्यांची काय गत झाली ते कोकणातील लोकांनी पाहिले आहे. सबब, रिपेला खिळलेली पट्टी पॅनेलासाठी चालत नाही. प्रत्येक पॅनेलाची पकड वाशापर्यंत आणि वाशाची पकड भिंतीतील पाटापर्यंत गेली पाहिजे. किनाऱ्यालगत बोल्ट गंज न धरणाऱ्या पोलादाचेच घ्यावेत. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला साधा लोखंडी बोल्ट लावला तर दोन्ही धातू एकमेकांस खातात.

लाकडाची परीक्षा त्याहून आधी करावी. पॅनेलाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. कौलारू घराची शाकारणी दरवर्षी किंवा वर्षाआड होते, व त्या वेळी कुजलेली रीप बदलता येते. अंगभूत पॅनेलांखाली ही सोय उरत नाही. जे लाकूड आज झाकले जाईल ते पुन्हा पंचवीस वर्षे दिसणार नाही असे समजून प्रत्येक वासा, आढे व पाटाची टोके अणकुचीदार सळईने टोचून पाहावीत. भिंतीत गेलेल्या टोकांशीच वाळवी प्रथम लागते. सळई सहज आत गेली तर विजेचा विचार बाजूस ठेवून आधी सुतार बोलवावा.

कौलांच्या फटींतून हवा खेळते, ही गोष्ट शहरातील कंत्राटदाराच्या लक्षात येत नाही. ज्या घरात स्वयंपाकाची किंवा आंघोळीचे पाणी तापविण्याची चूल आहे, तेथील धूर धुराड्यापेक्षा कौलांतूनच जास्त बाहेर पडतो. माळ्यावर ठेवलेला लसूण, बियाण्यासाठी टांगलेली मक्याची कणसे, पिंपातील धान्य यांना हीच हवा मिळते. अंगभूत पॅनेले बसविताना त्यांच्याखाली पाणी न झिरपणारे जाड कापड किंवा पत्रा अंथरावा लागतो, आणि तेवढे पाखे बंदिस्त होते. धुराला वाट राहत नाही, माळा तापतो, कोंदट हवेने लसणाला व कणसांना बुरशी येते. याकरिता चुलीवरचे पाखे पॅनेलांसाठी निवडू नये. दुसरा मार्ग नसेल तर आढ्याशी उघडे पण पाऊस न शिरणारे धुराडे आधी बांधून घ्यावे.

पत्र्याच्या घराची गोष्ट याहून सोपी आहे. पत्रा मुळातच बंदिस्त असतो, लोखंडी कैच्या व आडव्या पट्ट्या ठरावीक अंतरावर असतात आणि बोल्टची पकड चांगली बसते. पत्रे गंजून बदलावयास आले असतील तर अंगभूत पॅनेलांचा विचार करण्यास हीच योग्य वेळ होय, कारण नव्या पत्र्यांचा खर्च तितकाच वाचतो. अशा वेळी हिशेब करताना ‘नवे पत्रे अधिक त्यांवरील साधी पॅनेले’ आणि ‘पत्र्याऐवजी अंगभूत पॅनेले’ अशा दोन रकमा समोरासमोर मांडाव्यात. नुसत्या पॅनेलांची किंमत एकमेकांशी ताडून पाहणे चुकीचे ठरते.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना मात्र हात लावू नये. ते ठिसूळ असतात, त्यांवर पाय दिला तर माणूस थेट खाली येतो. त्यांपैकी अनेकांत अ‍ॅस्बेस्टॉस असते व भोक पाडताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसास अपायकारक आहे. अशा छपरावर कोणत्याही रीतीची पॅनेले बसवू नयेत.

स्लॅबच्या घरात अंगभूत प्रकाराचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तथापि स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्र्याची शेड घालण्याची रीत आता गावोगाव दिसते. पत्र्याऐवजी पॅनेलांचीच शेड केली तर एका खर्चात दोन कामे होतील, असा विचार अनेकांना सुचतो, व तो बरोबरही आहे. फक्त दोन पॅनेलांमधील फटीखाली पन्हळ पाहिजे. ती नसेल तर प्रत्येक फटीतून स्लॅबवर एका रेषेत पाण्याची धार पडते आणि नेमक्या त्याच रेषेत स्लॅब अधिक गळू लागतो.

पाणी अडविण्याची दुहेरी योजना

काचेवरून पाणी वेगाने वाहते. ते कडेशी आले की पृष्ठताणामुळे काही थेंब काचेच्या खालच्या अंगास चिकटून मागे जातात. उताराचा कोन कमी व वारा समोरचा असला तर हे प्रमाण वाढते. म्हणून अंगभूत छपरात रबराच्या एकाच पट्टीवर भरवसा ठेवू नये. ऊन व उष्णता यांमुळे रबर काही वर्षांत आकसते. पॅनेल ही पहिली आडकाठी, आणि त्याखाली वळचणीपर्यंत सलग नेलेली धातूची पन्हळ किंवा जलरोधक थर ही दुसरी आडकाठी, अशी दुहेरी रचना पाहिजे. कोकणात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व तो वाऱ्यासह आडवा येतो. तेथे दुसऱ्या थराशिवाय अंगभूत छप्पर करूच नये. देशावरील अवर्षणप्रवण भागात वार्षिक पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटर असतो, पण वळवाची सर तेथेही तासाभरात घरात पाणी करते.

पॅनेलांचा भाग जेथे संपतो व कौले जेथे सुरू होतात तो सांधा सर्वांत नाजूक असतो. कौल लाटांच्या आकाराचे, पॅनेल सपाट. या दोहोंमध्ये शिशाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची वाकणारी पट्टी कौलाच्या खोलगट भागात दाबून बसवावी लागते, आणि हे काम कौलकाऱ्याचेच आहे. वीजतंत्रीने ते सिमेंटने लिंपून टाकले तर पहिल्याच उन्हाळ्यात त्यास भेग पडेल. शक्य असेल तेथे संपूर्ण पाखे आढ्यापासून वळचणीपर्यंत पॅनेलांचेच करावे. त्यामुळे असे सांधे निम्म्याने कमी होतात.

पॅनेलांमागील हवा

पॅनेलावर लिहिलेली शक्ती सेलचे उष्णतामान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशास शक्ती सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी उघड्या चौकटीवरील पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे सुमारे १४ टक्के घट. तेच पॅनेल मागे हवा नसलेल्या बंदिस्त छपरात ८० अंशांपर्यंत जाऊ शकते, व घट १९ टक्क्यांवर पोचते. ऊन अधिक म्हणून वीज अधिक, असा सरळ हिशेब येथे लागत नाही. शिवाय ती सारी उष्णता रात्री उशिरापर्यंत खालच्या खोलीत उतरत राहते.

यावरील उपाय जुना आहे. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने १९७३ साली ‘सोलर वन’ नावाचे घर बांधले. छपरात अंगभूत पॅनेले असलेल्या पहिल्या घरांपैकी ते एक होय. त्यात पॅनेलांमागून हवा खेळविण्यासाठी पोकळी ठेवली होती, आणि ती गरम हवा हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी वापरली जाई. आपल्याला ऊब नको आहे, पण पोकळी हवी आहे. पॅनेल व त्याखालील थर यांमध्ये निदान चार बोटे, जमल्यास एक वीत जागा सोडावी. वळचणीशी हवा आत येण्यास व आढ्याशी बाहेर जाण्यास सलग फट असावी. दोन्ही फटींवर बारीक जाळी बसवावी. जाळी विसरली तर पहिल्या हिवाळ्यातच तेथे उंदीर व खारी घरटी करतात व तारांची आवरणे कुरतडतात.

दिशा व सावली

महाराष्ट्र साधारणपणे १६ ते २२ उत्तर अक्षांशांत आहे. वर्षभराचा विचार करता पाखे दक्षिणेकडे असणे उत्तम. परंतु पूर्वेकडे दरवाजा व दक्षिणोत्तर आढे असलेल्या घरांतील मालकांनी निराश होण्याचे कारण नाही. बेताच्या उतारावर पूर्व किंवा पश्चिम पाख्यातील पॅनेले दक्षिणेच्या तुलनेने सुमारे एक दशांश वीजच कमी देतात. उत्तरेकडील उभट पाखे मात्र टाळावे. (आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेस सरकलेला असतो, त्यामुळे त्या काळात उत्तरेचे पाखेही उजळते. पण त्यातील बराच काळ आभाळ भरलेले असते.)

सावलीचे नुकसान दिशेपेक्षा मोठे आहे. पॅनेले एकापुढे एक अशी साखळीने जोडलेली असतात. पाटाचे पाणी एका ठिकाणी अडले की पुढच्या सर्व सऱ्यांना कमी पडते, तसेच एका पॅनेलावर फणसाच्या फांदीची सावली पडली की सबंध साखळीची वीज घटते. उघड्या चौकटीची जागा एखाद्या वेळी बदलता येते, अंगभूत पॅनेलांची बदलता येत नाही. म्हणून जागा ठरविण्यापूर्वी मार्गशीर्ष-पौषात, सूर्य दक्षिणेस सर्वांत खाली असताना, सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात पाख्यावर कोणाची सावली येते ते पाहून ठेवावे. शेजाऱ्याने दुसरा मजला चढविला तर काय होईल हेही विचारात घ्यावे.

सौर कौलांविषयी

लहान सौर कौले दिसावयास सुंदर असतात. परंतु तीन किलोवॅटसाठी साठ वॅटची पन्नास कौले लागतात, आणि प्रत्येकास जोड आला. मोठ्या पॅनेलांत सहाच नग असतात. छपराखालील वीज एकाच दिशेने वाहणारी असते, साखळीत तिचा दाब काही शे व्होल्टपर्यंत जातो, आणि ढिल्या जोडात पडलेली ठिणगी आपोआप विझत नाही. खाली सुके लाकूड, वर जळमटे व काडीकचरा. अशा ठिकाणी जोडांची संख्या जितकी कमी तितके बरे. दिवस असेपर्यंत पॅनेलांतील वीज कोणत्याही बटणाने पूर्ण बंद होत नाही, हे घरातील प्रत्येकास माहीत असले पाहिजे.

दुसरा धोका सुट्या भागांचा आहे. अमेरिकेतील डाऊ केमिकल या मोठ्या कंपनीने २०११ मध्ये सौर कौले बाजारात आणली व २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले. एवढ्या बलाढ्य कंपनीचे असे, तर लहान उत्पादकाचे काय सांगावे ! नेहमीच्या मोठ्या पॅनेलाऐवजी दुसऱ्या मापाचे पॅनेल चौकटीवर कसेबसे बसविता येते. सौर कौल मात्र त्याच साच्याचे मिळाले नाही तर छपरास भोक राहते. ग्रामीण घरांसाठी सौर कौलांची शिफारस आजच्या स्थितीत करता येत नाही. ज्या भागांत वानरांच्या टोळ्या घरांवरून उड्या मारीत जातात तेथे तर मुळीच नाही.

मग कोठे करावे ?

चांगले कौलारू छप्पर असेल तर ते उचकटू नये. चौकटीचे पाय कौल न फोडता, कौल उचलून वाशाला आवळावेत आणि पॅनेले वर ठेवावीत. पत्र्याच्या नव्या छपरात मध्यम मार्ग सर्वांत सोयीचा होय. खाली सलग पत्रा घालावा, आणि त्याच्या समांतर एक वीत अंतर सोडून पॅनेले बसवावीत. पाणी पत्रा अडवितो, हवा मधून जाते, पत्र्यावर सावली पडल्याने खोली थंड राहते, आणि दुरून पाहता छप्पर व पॅनेल एकच वाटतात. काटेकोर अर्थाने हे अंगभूत नव्हे. पण अंगभूत छपराचे बहुतेक फायदे यात मिळतात.

खरोखर अंगभूत पॅनेलांचा अनुभव घ्यावयाचा असेल तर तो घराच्या आवारातील पडवीवर, अवजारांच्या शेडवर किंवा चहूबाजूंनी मोकळ्या गोठ्यावर घ्यावा. तेथे चार थेंब गळले तरी धान्य भिजत नाही. गोठ्याच्या बाबतीत छप्पर उंच ठेवावे, कारण उघड्या काचेची उष्णता जनावरांच्या पाठीवर उतरते व दुभत्या जनावरांना तिचा त्रास होतो. शेणमुताच्या अमोनिया वायूने जोड गंजतात. म्हणून अमोनियाची कसोटी उतरलेली पॅनेलेच मागावीत. कांद्याच्या चाळीवर मात्र हा प्रयोग करू नये. चाळीतील हवा जितकी थंड व खेळती, तितका कांदा टिकतो.

करार व पावसापूर्वीची तपासणी

पॅनेलांवर भारतीय मानक १४२८६ चा उल्लेख असल्याची खात्री करून घ्यावी. सूर्यघर योजनेतील नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. परंतु ती वीजयंत्रणेची असते. छप्पर गळल्यास कोण दुरुस्त करील, हे त्यात आपोआप येत नाही. अंगभूत पॅनेलांच्या करारात गळतीची हमी वेगळ्या कलमाने, वर्षांच्या संख्येसह लिहून घ्यावी. वीजतंत्री व कौलकारी वेगवेगळे असतील तर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. अन्यथा गळतीच्या दिवशी दोघे एकमेकांकडे बोट दाखवितील.

काम अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुरे व्हावे अशा बेताने सुरू करावे, म्हणजे मृगापूर्वी तपासणीस वेळ मिळतो. तपासणी अशी करावी. सकाळी लवकर इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंचे खटके बंद करावेत. एका माणसाने शिडीवरून रबरी नळीने वळचणीपासून सुरुवात करून हळूहळू आढ्याकडे पाणी सोडावे. प्रत्येक ओळीवर निदान दहा मिनिटे. दुसऱ्याने माळ्यावर विजेरी घेऊन खालचे अंग पाहत राहावे. खालून वर जाण्याचे कारण असे की वरून सुरुवात केली तर गळती कोणत्या सांध्यात आहे ते कळत नाही. ओला डाग दिसेल तेथे खडूने खूण करून त्याच दिवशी कारागिरास दाखवावे व काम पुरे होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवावा.

पुढे काच धुण्याचे काम सकाळीच करावे, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. विंधन विहिरीच्या जड पाण्याने पांढरे डाग राहतात, त्यापेक्षा साठविलेले पावसाचे पाणी बरे. गुऱ्हाळाजवळच्या व पाचट जाळणाऱ्या शिवारातील घरांना हंगामात आठवड्यातून एकदा तरी धुणे लागते. धुणाऱ्यास पाय ठेवण्यासाठी पॅनेलांच्या कडेने साध्या पत्र्याची हातभर वाट पहिल्यापासूनच सोडलेली असावी.

कोणते पॅनेल कोणत्या साखळीत आहे, तारा कोणत्या वाशालगत गेल्या आहेत व खटके कोठे आहेत, याचा नकाशा कारागिराकडून काढून घेऊन मीटरच्या फळीशेजारी चिकटवावा. त्याच वेळी त्याच मापाचे एक पॅनेल व सांध्याच्या काही पट्ट्या जादा घेऊन ठेवाव्यात. पॅनेल आडवे न ठेवता भिंतीशी उभे ठेवावे, आणि त्याच्या जोडांची तोंडे प्लास्टिकने बांधून ठेवावीत, म्हणजे त्यात कुंभारीण घर करणार नाही.